तुम्ही विचारलंत म्हणून: हेडफोन अ‍ॅम्प किती किमतीचा घ्यावा?

“स्वस्तातला घेऊ, मधला घेऊ, की एकदाच पैसे घालून मोठा घेऊ?” गेली काही वर्षं हा प्रश्न मला सतत येतो. मी हेडफोनवर ऐकणारा माणूस आहे, घरात सिग्नलला बळ देऊन हेडफोन वाजवणारे लहानमोठे चार अ‍ॅम्प आहेत आणि ओळखीच्यांना ते ठाऊक आहे. दर वेळी मी उलट विचारतो, “हेडफोन कोणता आहे?” समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण अंगाचं माप घेतल्याशिवाय कापड बेतता येत नाही, तसंच हे आहे. अ‍ॅम्पची किंमत ही दुकानातल्या पायऱ्यांवर ठरत नाही, ती तुमच्या कानावरच्या वस्तूवर ठरते.

अ‍ॅम्पकडून आपल्याला काय हवं असतं? आलेला सिग्नल घ्यायचा, हेडफोनला लागेल तेवढं व्होल्टेज आणि करंट त्याच्यामागे उभं करायचं आणि वाटेत स्वतःचं काही मिसळायचं नाही. बस. यातलं “लागेल तेवढं” म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवायची गरजच नाही. कागद-पेन्सिल घेतली तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे गणित मला मनापासून आवडतं, कारण त्याने लोकांचे पैसे वाचताना मी पाहिले आहेत.

सेनहायझर एचडी ६५० घ्या. ३०० ओहमचा हेडफोन (ओहम म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं, इम्पीडन्सचं, माप). कंपनी सांगते की १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो. आता चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज एकीकडे आणि क्षणभराचे उसळते आवाज, तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका, त्याच्या बरेच वर असतात. या क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलपर्यंत जागा ठेवली की झालं. म्हणजे १०३ च्या वर आणखी ७ डेसिबल. त्यासाठी व्होल्टेज लागतं साधारण २.२ व्होल्ट, आणि ३०० ओहमवर त्याची पॉवर होते १७ मिलिवॅटच्या आसपास. हो, मिलिवॅट. जाहिरातीत दोन-दोन वॅटचे आकडे झळकत असतात आणि ज्याला “अवघड” म्हणतात त्या हेडफोनचं पोट १७ मिलिवॅटमध्ये भरतं.

आता दुसरा घ्या, हायफायमॅनचा जुना एचई-६. हा प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडदा हलवून आवाज करणारा, फक्त ५० ओहमचा. ओहम कमी, म्हणजे सोपा असेल असं कुणालाही वाटेल. पण याची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेवर मिळणारा आवाज, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. तेच ११० डेसिबल गाठायला याला जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर करंट. एचडी ६५० च्या पंचवीसपटीहून जास्त पॉवर. “ओहम जास्त म्हणजे अ‍ॅम्प मोठा हवा” हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरं वाटायला लागतं. नुसत्या ओहमवरून काहीही कळत नाही. ओहम आणि संवेदनशीलता हे दोन आकडे जोडीने बघावे लागतात.

इथे एक फसवी जागा आहे, तीही सांगून टाकतो. काही कंपन्या संवेदनशीलता दर मिलिवॅटला देतात, काही दर व्होल्टला. दोन्ही ठिकाणी नुसतं “१०० डेसिबल” छापलेलं दिसतं. मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर ३०० ओहमवर त्यात साधारण ५ मिळवायचे आणि ३२ ओहमवर १५. माझ्या एका मैत्रिणीने हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली आणि तिच्या ३२ ओहमच्या हेडफोनला अ‍ॅम्प हवाच, असं ठरवून मोकळी झाली. प्रत्यक्षात त्या हेडफोनला १ व्होल्टमध्येच ११५ डेसिबल मिळत होते. तिचा फोन पुरेसा होता.

पॉवरनंतर दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ती पॉवरपेक्षा जास्त महत्त्वाची: आउटपुट इम्पीडन्स. अ‍ॅम्पच्या तोंडाशी स्वतःचा किती अडथळा आहे, तो आकडा. पूर्वी बऱ्याच स्टिरिओ रिसीव्हरमध्ये हेडफोनचं भोक म्हणजे स्पीकरच्या अ‍ॅम्पमधूनच एक रेझिस्टर घालून काढलेली वाट असायची. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या १९९६ च्या ६१९३८ या मानकात तर १२० ओहमचीच शिफारस होती. आता हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६५० चा ३०० ओहम हा नावापुरता. खालच्या सुरांत, ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास, तो ५०० च्या घरात जातो. अशा हेडफोनला १२० ओहमचा अ‍ॅम्प लावला की त्या पट्ट्यात सुमारे १ डेसिबलचा उंचवटा तयार होतो. बास किंचित भरतो. काहींना हे आवडतं, आणि त्यात चूक नाही.

पण हाच प्रकार कानात घालायच्या इअरफोनवर करून बघा. अनेक ड्रायव्हरवाल्या (आवाज करणारे बारीक भाग एकाहून जास्त असलेल्या) इअरफोनचा इम्पीडन्स एका सुराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४० असा हेलकावे खाऊ शकतो. त्याला १० ओहमचा अ‍ॅम्प जोडला की ५ डेसिबलचा फरक पडतो. बनवणाऱ्याने घडवलेला सूर आणि तुम्ही ऐकता तो सूर हे दोन वेगळे होतात. म्हणून एक सोपा नियम चालत आला आहे: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नको. आज चांगले अ‍ॅम्प १ ओहमच्या आसपास किंवा खालीच असतात, स्वस्तातलेसुद्धा.

स्वस्तातलेसुद्धा, हे शब्द पूर्वी इतक्या सहज लिहिता आले नसते. त्याचं मोठं श्रेय मी एका निनावी माणसाला देतो. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने २०११ मध्ये ओ-टू नावाच्या अ‍ॅम्पचा सगळा आराखडा खुला करून टाकला. सर्किट, मोजमापं, कुठला भाग का निवडला त्याची कारणं, सगळं. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, कुठेही मिळणाऱ्या साध्या ऑप-अ‍ॅम्प चिप, अर्ध्या ओहमच्या आसपास आउटपुट इम्पीडन्स. ज्याला डाग द्यायला येतो त्याने घरी बनवावा. हजारोंनी बनवला. २०१२ मध्ये हा माणूस लिहायचा थांबला आणि तो कोण होता हे आजवर जाहीर झालेलं नाही. त्याच्यानंतर “हा अ‍ॅम्प चांगला का?” या प्रश्नाला “मोजून दाखवा” असं उत्तर मागायची सवय लोकांना लागली. खालच्या किमतीतल्या अ‍ॅम्पचा दर्जा वर आला तो या सवयीच्या रेट्यामुळे, असं माझं मत आहे.

मग महागड्या अ‍ॅम्पमध्ये फरक ऐकू येतो का? हे तुम्ही विचारता तेव्हा मला एक दुपार आठवते. एका मित्राने नवा अ‍ॅम्प घेतला होता, माझ्या टेबलावरच्या अ‍ॅम्पच्या दहापट किमतीचा. तो घेऊन आला. एकाच डॅकमधून (डिजिटल फाइलचा सिग्नल बनवणाऱ्या यंत्रातून) दोघांना सिग्नल दिला आणि माझा ३०० ओहमचा हेडफोन आलटून पालटून लावला. पहिल्या दहा मिनिटांत आम्हा दोघांचंही एकमत झालं की त्याचा अ‍ॅम्प मोकळा वाजतो. गाणाऱ्याचा श्वास पुढे येतो, तंबोऱ्याची आस लांबपर्यंत टिकते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग मी मल्टिमीटर काढला. १०० हर्ट्झचा सूर लावला आणि हेडफोन जोडलेला असतानाच जॅकपाशी व्होल्टेज मोजलं. “आवाज सारखा आहे” असं दोघांनी कानाने ठरवलेल्या त्या जागेवर माझा अ‍ॅम्प ०.५० व्होल्ट देत होता आणि त्याचा ०.५६. फरक १ डेसिबलचा. एवढासा फरक कानाला “मोठा” म्हणून कळत नाही, तो “चांगला” म्हणून कळतो. नॉब केसभर फिरवत फिरवत दोन्ही ०.५० वर आणले. मग मी पाठ केली, मित्राने नाणं उडवून सोळा वेळा अ‍ॅम्प बदलले आणि मी ओळखत गेलो. नऊ बरोबर आले. नुसत्या अंदाजानेही आठ येतात. बारा आले असते तर मी मानलं असतं. जागा बदलून मित्र बसला, त्याचे सात आले. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तंबोरा दोन्हीकडे तितकाच सुंदर लागला होता.

यावरून सगळे अ‍ॅम्प सारखेच, असं मी म्हणत नाही. पुरेसं व्होल्टेज, कमी आउटपुट इम्पीडन्स आणि शांत पार्श्वभूमी या तीन गोष्टी ज्याने साधल्या, त्याच्यापुढचे पैसे मुख्यतः ध्वनीसाठी जात नाहीत, एवढंच म्हणतो. ते जातात दुसऱ्या गोष्टींना, आणि त्यातल्या काही खरोखर मोलाच्या आहेत.

नॉबचंच बघा. स्वस्त अ‍ॅम्पमधल्या व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये, अगदी खालच्या टोकाला डावी-उजवी बाजू सारखी चालत नाही. नॉब आठ वाजण्याच्या जागी असला की गायक डावीकडे सरकलेला असतो, दहापर्यंत नेला की मध्ये येतो. संवेदनशील इअरफोन असेल तर तुम्ही कायम त्या आठच्या जागीच अडकता. वरच्या किमतीत याला चांगला पॉट असतो किंवा रेझिस्टर आणि रिलेचं व्हॉल्यूम असतं, आणि दोन्ही बाजू तळापासून जुळतात. पण स्वस्त अ‍ॅम्पला गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा, स्विच असेल आणि तो ‘लो’वर ठेवला, तरी बहुतेकदा काम भागतं. खरेदी करताना मी वॅटच्या आधी तो स्विच शोधतो.

बॅलन्स्ड जोडणीने, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी स्वतंत्र दोन तारा देऊन दोन्ही टोकांनी चालवल्याने, त्याच अ‍ॅम्पमधून साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबल. एचई-६ सारख्या हेडफोनला त्याचा उपयोग आहे. ज्याला आधीच पुरेसं मिळतंय, त्याने वेगळी केबल घेण्यात अर्थ नाही.

ट्यूबवाल्या अ‍ॅम्पबद्दल मात्र मला वेगळं बोलायला हवं, कारण माझ्या चारांतला एक ट्यूबचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, आहे आणि तो मी कधीच विकणार नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या या जातीचा आउटपुट इम्पीडन्स बराच असतो, म्हणून ३०० ओहमच्या हेडफोनवर मघाशी सांगितलेला तो बासचा उंचवटा येतो. वर थोडं स्वतःचं डिस्टॉर्शन. मोजमापात तो माझ्या सर्वांत स्वस्त अ‍ॅम्पच्या मागे आहे. रात्री दिवा मालवून त्या काचेतला नारिंगी उजेड बघत ऐकताना मला जे मिळतं त्याचे पैसे मी दिले, आणि ते कशाचे दिले हे मला माहीत आहे. तुम्हीही तसे द्यायचे असतील तर जरूर द्या. फक्त तो अ‍ॅम्प कमी ओहमच्या इअरफोनला लावू नका.

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन, ज्यात पातळ पडदा विद्युतभाराने हलतो, हा प्रकारच निराळा. स्टॅक्स या कंपनीच्या आजच्या हेडफोनांना ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम ठेवायचं व्होल्टेज, लागतो, तो साध्या अ‍ॅम्पमधून मिळतच नाही. तिथे निवड कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅम्पपासूनच सुरू होते.

आता पायऱ्यांचं. तुमचा हेडफोन १ व्होल्टमध्ये ११० डेसिबलच्या पुढे जात असेल, तर सर्वांत खालची पायरी, बोटाएवढा यूएसबी डाँगल (फोनला लावून त्यात हेडफोन जोडायचा तुकडा), पुरतो. अ‍ॅपलचा यूएसबी-सी डाँगल १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आसपास आहे. युरोपात विकली जाणारी आवृत्ती मात्र अर्धा व्होल्टच देते, ते तपासून घ्या. एचडी ६५० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर टेबलावर ठेवायचा साधा अ‍ॅम्प, गेनच्या स्विचसह. बहुतेकांचा शोध इथेच संपायला हवा. अवघड प्लेनर असेल तर ५० ओहमवर खात्रीने अर्धा वॅट देणारा मधल्या पायरीचा. त्याच्या वरची पायरी नॉबसाठी, जोडण्यांसाठी, हाताला लागणाऱ्या धातूसाठी. हातात पैसे उरत असतील तर ते हेडफोनमध्ये घाला. दोन हेडफोनांमधला फरक डोळे मिटून, सोळापैकी सोळा वेळा ओळखता येतो.

एक काळजी मात्र घ्या. पुरेसा अ‍ॅम्प आला की नॉब वर सरकत जातो, मी स्वतःचा हात तसा सरकताना पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. तेच ९० डेसिबलला नेलं तर आठवड्याचे चारच तास उरतात. ११० हा आकडा क्षणिक शिखरांसाठीच होता.

परवा ज्याने विचारलं त्याची तक्रार होती की लॅपटॉपवर हेडफोनमध्ये बारीक घूं आवाज येतो, म्हणून मोठा अ‍ॅम्प घ्यायचाय. मी त्याला चार्जर काढून ऐकायला सांगितलं. आवाज गेला. अ‍ॅम्प बदलून तो आवाज गेला असताच असं नाही, कारण वाट चार्जरच्या अर्थिंगमधून होती. तेव्हा तुम्हीही आधी तेवढं करा. मग हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे, ओहम आणि डेसिबल, त्यापुढे मिलिवॅट लिहिलंय की व्होल्ट यासकट, मला कळवा. बेरीज-वजाबाकी मी करून देतो.