ताईच्या डोक्यातली गुठळी

ताई बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी आली होती. मे महिना, पारा ४५च्या आसपास, आणि बाळंतिणीला पाणी कमीच द्यायचं हा आमच्या घरचा कायदा. दुसऱ्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. आडवं झालं की जास्तच ठणकायचं, म्हणून रात्र बसून काढायची. "काहून झोपत नाही वो?" आई विचारायची. सगळ्यांनी जागरणावर ढकललं. मग उलट्या सुरू झाल्या, आणि एका पहाटे उजव्या हाताला झटके आले.

धंतोलीतल्या दवाखान्यात एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे डोक्यातल्या शिरांचा स्कॅन केला. मेंदूतलं रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होती. रक्त तुंबून सूज आलेली, डावीकडे थोडा रक्तस्रावही. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात अंगात पाणी कमी.

तरी डॉक्टरांनी रक्त पातळ करणारं हिपॅरिन सुरू केलं. भाऊजी भडकलेच. रक्तस्राव असताना? डॉक्टरांनी कागदावर शिरा काढून दाखवल्या: रक्तस्राव तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने झालाय, गुठळी वाढली तर तोही वाढेल. जगभर पहिला उपचार हाच.

बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. ताई मात्र गुंगीत जायला लागली, तेव्हा कॅथेटरचा, म्हणजे शिरेतून बारीक नळी नेऊन गुठळी काढण्याचा विषय निघाला. ते करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ६७ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या औषधांपेक्षा कॅथेटरने जास्त फायदा दिसला नव्हता. म्हणून सरसकट करत नाहीत, औषध चालू असूनही पेशंट खालावला तरच. हमखास बरं होईल म्हणणाऱ्यापेक्षा मला याच बोलण्याने धीर आला. भाऊजींनी सही केली.

जांघेतल्या शिरेतून नळी घालून, हृदयाच्या उजव्या बाजूने मानेच्या शिरेत आणि तिथून डोक्यात नेली. गुठळी थोडी ओढून घेतली, थोडी जाळीत धरून काढली. सगळी निघाली नाही. रक्ताला वाट मिळाली, बाकीचं हिपॅरिनवर सोडलं.

शुद्ध हळूहळू आली, हाताला फिजिओथेरपी लागली. घरी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआरची तपासणी, आकडा २ ते ३च्या मध्ये हवा. पालक-मेथीने गोळीचा असर बदलतो, म्हणून ती बंद नाही, पण रोजचं प्रमाण सारखं. बाळाला अंगावर पाजायला हरकत नव्हती, हे ऐकून ताई पहिल्यांदा हसली. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र कायमच्या बंद, आणि पुन्हा दिवस राहिले तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगायचं, हिपॅरिनची इंजेक्शनं लागतील.