आमची वाटचाल : एक कोपरा कापला

2004 साली मामेभावाबरोबर एक वेल्डिंग मशीन आणि जुना पिलर ड्रिल घेऊन दर्यापूर रोडवर टिनाचं शेड टाकलं. डवरे, वखराच्या पासा, तिफणीचे फण अशी शेतीची अवजारं बनवायचो. पुढे ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या ब्रॅकेटचं काम मिळालं आणि बरी वर्षं गेली.

मग तो मिरग आला. एका मोठ्या पार्टीचे 600 ब्रॅकेट. 50 बाय 6 मिमीची पट्टी, प्रेसवर एका टोकाला स्लॉट म्हणजे लांबट भोक, मध्यापासून 6 मिमी सरकलेलं. मग जिगमध्ये, म्हणजे भोक ठरल्या जागीच पडावं म्हणून पट्टी धरून ठेवणाऱ्या साच्यात, ठेवून दुसऱ्या टोकाला 13 मिमीचं भोक, त्याच अंगाला सरकलेलं. पट्टी पालथी बसली की भोक भलत्या अंगाला जातं. नजरेला कळत नाही, फ्रेमवर बोल्ट घालताना कळतं. 180 पीस तसे गेले. पार्टीनं अख्खा लॉट परत पाठवला, मागचं पेमेंटही अडवलं, अन् काम एमआयडीसीतल्या एका शेठला दिलं. तो शेठ चहाच्या टपरीवर सांगायचा, "त्याइले भोक कोन्या बाजूले पाडाव तेही समजत नाई." हे मी अजून विसरलो नाही.

ड्रिलवर आयटीआयचा पोट्टा होता. लोडशेडिंगमुळे रात्री लाईट आली की काम चालायचं. मी त्याला सगळ्यांसमोर बैताड, म्हणजे मूर्ख, म्हणालो. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

मुर्तिजापूरचे आमचे दुकानदार भाऊ हिशेबाला आले होते. त्यांनी पट्टी जिगमध्ये ठेवली, काढली, पालथी करून पुन्हा ठेवली. "दोन्हीकून बसते ना हे! मंग पोट्ट्यानं काय केलं?" अन् 30 पेरणी यंत्रांचा अॅडव्हान्स देऊन गेले. त्या पैशावर दुकान वाचलं.

मग स्लॉट पाडणाऱ्याच डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, पट्टीचा एक कोपरा तिरपा कापला जाईल अशी सोय केली आणि जिगमध्ये नेमकी त्या कोपऱ्यावर 6 मिमीची पिन ठोकली. आता पट्टी पालथी ठेवली की पूर्ण कोपरा पिनीवर चढतो आणि डुगडुगतो, क्लॅम्प लागतच नाही. मग यंत्र जोडताना बोल्ट लावायचा राहू नये म्हणून केलं. नऊ फणांचे 18 बोल्ट, म्हणून पत्र्याच्या ताटात 18 खळगे, प्रत्येकात एक बोल्ट. एक खळगा भरलेला राहिला की बोल्ट लावायचा राहिला. जिगला लाल रंग देऊन अन् भिंतीवर पाटी लावून काही होत नाही बरं का, आम्ही दोन्ही करून बसलो होतो. रात्री अकराला पाटी कोण वाचतं?

पोरगा इंजिनिअरिंगला गेल्यावर म्हणाला, बाबा, याला पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी 1961 मध्ये जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये असंच केलं होतं. स्विचमध्ये दोन स्प्रिंगा, कामगार एखादी लावायला विसरायचे, म्हणून दोन्ही स्प्रिंगा आधी बशीत काढून ठेवायच्या. बशीत उरली तर कळलं. म्हटलं, आमचं ताटच की हे! पुढे तो म्हणाला, आधी याला बाका-योके म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख. 1963 मध्ये एका कारखान्यात ते ऐकून एक कामगार बाई रडली, म्हणून शिंगोंनी नाव बदललं. पोका म्हणजे नजरचूक, योके म्हणजे टाळणं. मी काही बोललो नाही.

तो आयटीआयचा पोट्टा त्या शेठकडेच आहे, फोरमन झाला म्हणतात. लग्नाची पत्रिका आली होती. मी गेलो नाही.