कोकणातून पुण्याला रोज रात्री, फायरवॉलमध्ये भोक न पाडता

दोन सर्व्हर आहेत. एक कोकणात, एका कॉलेजच्या आवारातल्या ग्रंथालयात. दुसरा पुण्यात, एका संस्थेच्या सर्व्हर-रूममध्ये. कोकणातल्या सर्व्हरवर जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं साठत जातात आणि ती रोज रात्री पुण्याला पोचायला हवीत. दोन्हीकडे फायरवॉल आहे, म्हणजे नेटवर्कमध्ये काय आत येतं आणि बाहेर जातं ते अडवणारा पहारेकरी. मी ठाण्यात राहते, आणि दोन्ही सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे.

ही पानं पिवळी पडलेली आहेत, कडा हात लावला की तुटतात. काही अंकांची दुसरी प्रत आम्हाला अजून कुठे सापडलेली नाही. म्हणून स्कॅन टिफ या प्रकारच्या चित्र-फाइलीत, ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, कॉम्प्रेशन न करता. ए-फोर आकाराचं एक पान साधारण ४६ एमबी होतं. ग्रंथालयाच्या लाइनला अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळाला तर एका पानाला ३७ सेकंद, आणि शंभर पानांच्या अंकाला तासाभराहून थोडं जास्त. दिवसा ती लाइन विद्यार्थ्यांची असते. त्यामुळे आपल्याकडे रात्रच उरते, आणि पावसाळ्यात त्या रात्रीतही लाइट आणि लाइन दोन्ही जातात.

सुरुवातीला जो तो एकच उपाय सुचवत होता: राउटरवर २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं दार, उघडा आणि पुण्याहून फाइली ओढून घ्या. मी त्याला ठाम नकार दिला. इंटरनेटवर उघडा २२ नंबर दिसला की पासवर्डचे अंदाज घेऊन आपोआप फिरणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, थोड्याच वेळात दार ठोठावू लागतात. आणि त्या दाराच्या आत नुसतं ग्रंथालय नाही, सगळ्या कॉलेजचं नेटवर्क आहे.

एफटीपी या फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीचंही नाव निघालं. त्याबद्दल मला आदर आहे. एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी तेव्हा एमआयटीत होता. पण ती रचना फायरवॉलच्या आधीच्या जगातली. सूचना एका कनेक्शनवरून, फाइल दुसऱ्यावरून. आणि मूळच्या अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत फाइलीचं कनेक्शन सर्व्हर उलट आपल्याकडे उघडतो. बाहेरून आलेलं ते कनेक्शन फायरवॉल अडवते, आणि तिने अडवायलाच हवं. पॅसिव्ह पद्धतीत दोन्ही कनेक्शन आपणच उघडतो म्हणून ही अडचण सुटते, पण पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्यावरूनच जातात. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये ताटू इलोनेन यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड चोरून ऐकले, आणि त्यातून एसएसएच, म्हणजे सगळं सांकेतिक करून पाठवणारं दूरचं लॉगिन, जन्माला आलं. २१ नंबर एफटीपीचा, २३ टेलनेट या जुन्या लॉगिन पद्धतीचा. मधला २२ त्यांनी मागून घेतला.

एवढं मागे जायचं कारण असं की या कामात पहिला प्रश्न कोणता प्रोग्राम वापरायचा हा नसतो. फोन कोणी कोणाला लावायचा, हा असतो. आतून सुरू झालेलं कनेक्शन फायरवॉल लक्षात ठेवते आणि त्याचं उत्तर परत आत येऊ देते. बाहेरून कोणी सुरू केलं तर नाही. मग कनेक्शन कोकणातून पुण्याकडेच सुरू झालं पाहिजे. कोकणातल्या मशीनला स्वतःचा पब्लिक पत्ता नाही, पण या दिशेने जाताना त्याची गरजही पडत नाही.

मी ठाण्यातून दोन्हीकडे लॉगिन करू शकते, तर इथूनच कॉपी का करत नाही, असं मला विचारलं गेलं. आरसिंक हा आमचा फाइली पाठवणारा प्रोग्राम हे करतच नाही. दोन्ही टोकं दूरची दिली की तो साफ नकार देतो. एससीपी हा एसएसएचबरोबर येणारा कॉपीचा प्रोग्राम करतो, पण ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या ८.७ आवृत्तीपासून अशी कॉपी डीफॉल्टने आपल्याच मशीनमधून जाते. म्हणजे कोकणातलं प्रत्येक पान आधी माझ्या घरी येणार आणि मग पुण्याला जाणार. जो सर्व्हर पाठवतो त्याच्यावरच कमांड चालवायची, हे सरळ.

कॉलेजच्या फायरवॉलमधून बाहेर जाणारा २२ नंबरसुद्धा बंद होता. मी नेटवर्क बघणाऱ्या सरांना एक पानी पत्र लिहिलं. कुठल्या एका मशीनवरून, कुठल्या एका पत्त्याला, कुठला एक पोर्ट, कशासाठी, आणि बंद करायचं झालं तर काय करायचं. सरांनी दोन प्रश्न विचारले आणि नियम लिहून दिला. त्यांना न सांगता ४४३ वरून, म्हणजे वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पोर्टवरून, वाट काढता आली असती. तसं करायला मला कोणी कितीही सांगितलं तरी मी करणार नाही. ज्या माणसाने ते आवार सांभाळायचं, त्याला त्यातून काय बाहेर जातं ते माहीत असायलाच हवं. उलट्या टनेलचंही तसंच. आतल्या मशीनवरून बाहेर एक एसएसएच उघडं ठेवायचं आणि त्यातूनच परत आत शिरायचं, हे एका ओळीत होतं. एका ओळीत होतं, म्हणूनच ते लेखी परवानगीशिवाय नको. देखभालीसाठी मला आत जायचं असेल तेव्हा मी सरांना फोन करते आणि ते व्हीपीएन सुरू करून देतात.

पुण्याकडे बाहेरून फक्त एक गेटवे मशीन दिसतं. साठवणीचा सर्व्हर त्याच्या मागे. इथे प्रॉक्सीजंप कामाला येतं, ओपनएसएसएच ७.३ मध्ये, म्हणजे २०१६ साली आलेलं. कॉन्फिग फाइलीत साठवणीच्या सर्व्हरच्या नावाखाली एक ओळ लिहायची, की याच्याकडे गेटवेमार्गे जा. मग आरसिंकला मधल्या मशीनचं भान ठेवावं लागत नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की खरं एन्क्रिप्शन कोकणातल्या मशीनपासून थेट साठवणीच्या सर्व्हरपर्यंत असतं. गेटवे फक्त बाइट पुढे सरकवतो, त्याला पान वाचता येत नाही. अजूनही बरेच जण यासाठी एजंट फॉरवर्डिंग वापरतात, म्हणजे आपली किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाइल) मधल्या मशीनवरूनही वापरू देतात. ते सोडून द्या. मधल्या मशीनवर ज्याच्याकडे रूटचे, म्हणजे मुख्य खात्याचे, अधिकार आहेत, तो तुमचं सेशन चालू असेपर्यंत तुमची किल्ली तुमच्या नावाने वापरू शकतो.

किल्लीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळी सुरक्षा शेवटी तिथे येऊन थांबते. रात्री दोन वाजता पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, टाइप करायला कोणी नसतं, म्हणून क्रॉनसाठीच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाच्या, किल्लीला पासफ्रेज नाही. म्हणजे कोकणातलं मशीन कोणी उचलून नेलं तर किल्लीही गेली, असं धरूनच चालावं लागतं. मग त्या किल्लीने काय काय होऊ शकतं ते आधीच कमी करून ठेवायचं. ईडी२५५१९ प्रकारची वेगळी किल्ली फक्त याच कामाला केली. गेटवेवर ऑथराइज्ड-कीजच्या, म्हणजे कुठल्या किल्ल्या चालतील त्या यादीच्या, फाइलीत तिच्या ओळीपुढे आधी रिस्ट्रिक्ट लिहून सगळंच बंद केलं, मग पोर्ट फॉरवर्डिंग (कनेक्शन पुढच्या मशीनकडे सरकवणं) तेवढं चालू केलं आणि परमिटओपनने तेही फक्त साठवणीच्या सर्व्हरच्या २२ नंबरपुरतं ठेवलं. एक बारकावा: परमिटओपनमधलं नाव आणि कॉन्फिगमधलं नाव अक्षर न् अक्षर एक लागतं. एकीकडे नाव आणि दुसरीकडे आयपी लिहिला तर ते जुळवून बघितलं जात नाही, नुसती मनाई येते.

साठवणीच्या सर्व्हरवर त्याच किल्लीला फ्रॉमची अट आहे, की फक्त गेटवेच्या आतल्या पत्त्यावरून. तिने चालणारी कमांड एकच, आरसिंकला बांधून ठेवणारा आरआरसिंक, तोही एकाच डिरेक्टरीपुरता आणि फक्त लिहिण्यापुरता. पोस्टाच्या पेटीसारखं: पत्र टाकता येतं, आतलं काढता येत नाही. पण त्याच नावाची दुसरी फाइल टाकून जुनीवर लिहिता मात्र येतं, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. कोकणातल्या मशीनमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरलं तर ते त्या निकामी झालेल्या फाइली प्रामाणिकपणे पुण्याला पाठवेल. म्हणून पुण्यात रोज सकाळी झेडएफएस या डिस्क-व्यवस्थेचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची न बदलणारी प्रत, घेतला जातो, आणि त्याला हात लावायचा अधिकार या किल्लीने उघडणाऱ्या खात्याला नाही. आरसिंकचा डिलीट पर्यायही त्याच कारणाने वापरत नाही. ग्रंथालयात काही पुसलं गेलं तर ते पुण्यातही पुसलं जाऊ नये.

पहिल्यांदा जोडताना एसएसएच समोरच्या सर्व्हरच्या किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखीचा छोटा ठसा, दाखवून खात्री विचारतं, आणि लोक न बघता यस म्हणतात. मधे कोणी बसला असेल तर तो नेमका याच क्षणी बसलेला असतो. आम्ही ते फोनवरून वाचून पाहिलं. पुण्यातला सहकारी त्याच्या स्क्रीनवरून म्हणतोय, "मोठा के, छोटा क्यू, सात, स्लॅश," आणि कोकणात ग्रंथपाल बाई कागदावर लिहून घेतायत. ४३ अक्षरं. बाई म्हणाल्या, "थांबा हो, परत एकदा सुरुवातीपासून." परत एकदा सुरुवातीपासून झालं. मग कॉन्फिगमध्ये होस्टची तपासणी सक्तीची केली. आता सर्व्हरची किल्ली बदललेली दिसली की रात्रीचं काम थांबतं आणि मला मेल येते.

हे सगळं झाल्यावरही पानं जात नव्हती. लॉगिन होत होतं, छोटी टेक्स्ट फाइल क्षणात पोचत होती, आणि टिफ सुरू झाली की तिथेच अडकत होती, एरर न देता. अशा वेळी लोक एसएसएचचे सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धती, बदलत बसतात. माझा संशय पाकिटाच्या, म्हणजे डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यांच्या, आकारावर गेला. न तोडता पाठव असं सांगून १४७२ बाइटचा पिंग, म्हणजे उत्तर मागणारा चाचणीचा निरोप, केला, उत्तर नाही. १४६४ चा केला, लगेच उत्तर. त्यात २८ बाइटची हेडर मिळवली की १४९२, म्हणजे पीपीपीओई प्रकारच्या ब्रॉडबँड लाइनची मर्यादा. मोठं पाकीट मावत नाही असं सांगणारा आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा) निरोप वाटेत कुठेतरी अडवला जात होता, म्हणून पाठवणारा सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होता. सरांनी राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पाकिटं आधीपासूनच लहान ठेवायला लावणं, चालू केलं आणि पुढची टिफ सुरळीत निघाली. सगळा आयसीएमपी धोकादायक समजून बंद करणाऱ्यांनी निदान हा एक निरोप तरी सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाकीचं थोडक्यात. लाइन गेली तर अर्धवट फाइल टाकून न देता वेगळ्या डिरेक्टरीत ठेवायला आरसिंकला सांगितलं आहे. एरवी तो ती पुसतो. तीस सेकंदांनी एकदा जिवंत असल्याची खूण जाते. तीन खुणांना उत्तर नाही आलं तर कनेक्शन तोडून पुन्हा प्रयत्न. एक काम चालू असताना दुसरं सुरू होऊ नये म्हणून एफलॉक.

स्कॅन होताच ग्रंथालयातच प्रत्येक पानाचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारा ठसा, काढला जातो आणि त्याची यादी पानांबरोबर जाते. आरसिंक वाटेतली चूक पकडतो, पण डिस्कवर नंतर काय झालं ते त्याला कळत नाही. म्हणून पुण्याचा सर्व्हर पहाटे ती यादी स्वतःच्या डिस्कशी ताडून बघतो, आणि सगळं जुळलं तरच त्या अंकापुढे बरोबरची खूण करतो. खूण नसलेल्या अंकाची मूळ फाइल ग्रंथालयाने हलवायची नाही, असं आमचं ठरलं आहे. सध्या रांगेत दिवाळी अंक आहेत. ते जाड असतात, त्यांना एक रात्र पुरत नाही. उरलेली पानं दुसऱ्या रात्री जातात.