कुठल्या लाईनला?

मागच्या महिन्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला, विषय अर्थातच लग्न, माझं नाही, माझ्या ऑफिसातल्या मित्राचं, कारण आत्याच्या शेजाऱ्यांची मुलगी लग्नाची आहे आणि आत्याला कुणाचंही कुणाशीही जुळवायची हौस आहे. "मुलगा कुठल्या लाईनला आहे रे?" मी भेंडी चिरत होतो, लक्ष नव्हतं, बोलून गेलो, "हार्बर." पलीकडे शांतता. मग जरा दबक्या आवाजात, "म्हणजे बोटीवर असतो का? सहा-सहा महिने घरी नसणार मग."

हसून झालं पण शब्द काही डोक्यातून जाईना. आत्याकडे लाईन म्हणजे कामधंदा, मेडिकल लाईन, कॉम्प्युटर लाईन, पोल्ट्री लाईन. आमच्याकडे लाईन म्हणजे जवळजवळ गोत्र. वेस्टर्नवाल्यांना सेंट्रलचं स्थळ सांगा, दादरचा ब्रिज आत्ताच चढायला सांगितल्यासारखं तोंड करतात. हार्बरवाल्यांना तर कोणी मोजतच नाही, आणि देशातली पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली ती याच लाईनवर, पण हे चेंबूरच्या प्लॅटफॉर्मवर पनवेल लोकलची वाट बघणाऱ्या माणसाला सांगू नका, चिडतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द होता की. वहीत रेघ मारायची, त्यावर ओळ लिहायची, प्रार्थनेला रांगेत उभं राहायचं, भूमितीच्या तासाला त्याच रेघेची रेषा व्हायची. हातावर रांग नसते आणि रेशनच्या दुकानासमोर रेषा नसते, हे कुणी शिकवलं नाही तरी कळायचं. आता सगळ्याला लाईन. लालबागला गेलात तर पहिला प्रश्न, नवसाची लाईन की मुखदर्शनाची? तिथे रांग म्हणणारा माणूस एकतर शिक्षक असतो नाहीतर लाऊडस्पीकरवरचा कार्यकर्ता.

आणि काही अर्थ तर आपण घरी बनवलेत. लाईन मारणे हे इंग्रजाला शब्दशः समजावून सांगा बरं, त्याला वाटेल पोरगा पट्टी घेऊन पोरीच्या मागे लागलाय. 'लाईन क्लियर' मात्र शुद्ध रेल्वेचं. पुढच्या स्टेशनने लाईन मोकळी आहे असं कळवल्याशिवाय मागच्या स्टेशनने गाडी सोडायची नाही, असा तो जुना नियम. आमच्या कॉलेजात कँटीनमध्ये तोच नियम, फक्त स्टेशनच्या जागी मुलीची मैत्रीण.

मरीन लाईन्सचं मला लहानपणी वाटायचं की समुद्राची जी लांबच लांब वळलेली कड दिसते तीच ती लाईन. तसं काही नाही. तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, बटालियनच्या लाईन्स, त्यावरून नाव. आपली पोलीस लाईन तीच, ओळीने बांधलेल्या खोल्या.

इंग्रजीत असे बहुरूपी शब्द पुष्कळ. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' चे सुमारे 430 अर्थ होते, नंतर 'रन' त्याच्याही पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचे 645. आपण उगाच दबून जायचं कारण नाही, आपल्याकडे 'लागणे' आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दूध करपून लागतं, नळावर लाईन लागते आणि नंतर सगळ्याचीच वाट लागते.

तर या लाईनचं मूळ बघायला गेलो आणि निघालं काय, तर जवस. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात, त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याचीच दोरी ती लिनिया. दोरी ताणून धरली की सरळ रेघ मिळते, त्या दोरीवरून लाईन. कपड्यांना आतून लिनन लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. जवसाचं तेल ते लिन्सिड ऑइल. सगळं एकाच झाडाचं खानदान!

हे वाचून मी खूश होतो तेवढ्यात बाथरूमचं काम निघालं. मिस्त्रीने भिंतीच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकले, मध्ये पिवळी दोरी ताणून बांधली, बोटाने टण्णकन उडवून बघितली आणि पोऱ्याला ओरडला, "लाईनदोरी ढिली हाय, खेच." लाईनदोरी! म्हणजे दोरीदोरी. मी त्याला जवसाचं सगळं सांगणार होतो पण तो डोळा बारीक करून दोरीच्या बाजूने बघत होता. टाईल आणि दोरी यांच्यात एका टोकाला बोटभर फट. "साहेब, भिंतच लाईनीत नाय तुमची. मी काय करणार?" बिल्डिंग 1978 ची. मी पण काय करणार.

मिस्त्रीच्या मागोमाग सुतार आला दरवाजाला, त्याने फळीवर रंगवलेलं सूत ताणलं, उचलून सोडलं, फळीवर लाल रेघ उमटली. त्याच्या भाषेत हे सूत मारणं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की सुतासारखा सरळ आपण कधीपासून म्हणतोय. आमचे आजोबा धाकट्या काकांना सुतासारखं सरळ करायचे, आता माझी वहिनी पुतण्याला लाईनीवर आणते. तिकडे जवसाची दोरी, इकडे कापसाचं सूत, मार खाणारं पोर तेच.

आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, जवस चांगला असतो गुडघ्यांना, चटणी पाठवते. आणि मुलाचं विचारलं का परत? म्हटलं, आत्या, तो बोटीवर नाही गं, अकाउंट्सला आहे. "मग तसं सांगायचं ना, अकाउंट लाईन!"

चटणी एसटीने आली. शनिवारी डेपोवर पार्सल सोडवायला गेलो तर खिडकीसमोर ही मोठी लाईन, माझ्या पुढे अकरा जण, आणि एक काका सगळ्यांना विचारत फिरतायत, शेवटचा कोण, शेवटचा कोण.