दशावताराचा बॅनर आणि इंकस्केपमधले एकात एक मास्क

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वेंगुर्ल्यापासून मालवणापर्यंतच्या डीटीपीवाल्यांकडे दशावतारी नाटकांच्या बॅनरची रीघ लागते. या खेपेला मंडळाच्या काकांना नेहमीचा साचा नको होता. 'दशावतार' हा शब्द भलामोठा, त्या अक्षरांच्या आत नटांचे फोटो, शब्द सावंतवाडीच्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, गोल पानात बसवलेला आणि ते पान खालच्या बाजूला समुद्राच्या फोटोत विरत गेलेलं. गोल पानाची कल्पना उगाच नव्हती. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी 120 पानं असतात. फक्त वर एक अट होती, "राजा वळखाक गावाक व्हयो हां." म्हणजे राजा ओळखता आला पाहिजे.

आमच्याकडे असलं काम बहुतेक जण कोरलड्रॉ या प्रोग्राममधल्या पॉवरक्लिपने, म्हणजे चित्र एखाद्या आकारात बसवायच्या सोयीने, करतात, आणि पॉवरक्लिपच्या आत पॉवरक्लिप घालताही येतो. मी इंकस्केप हा चित्रं आखायचा प्रोग्राम वापरतो. फुकट आहे हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे त्याची फाइल एसव्हीजी असते, म्हणजे चित्र मजकुरासारखं लिहून ठेवलेलं, आणि आत काय चाललंय ते उघडून वाचता येतं.

इथे क्लिप आणि मास्क या दोन वेगळ्या गोष्टी. क्लिप म्हणजे कात्री: आकाराच्या आतलं दिसतं, बाहेरचं जातं, कड धारदार. मास्क उजेडावर चालतो: पांढऱ्याखालचं दिसतं, काळ्याखालचं लपतं, करड्याखालचं अर्धवट. माझ्या कामात दोन्ही लागणार होते. नटांचे फोटो एकमेकांत मिसळायला मास्क, शब्दासाठी क्लिप, गोल पानासाठी पुन्हा क्लिप, आणि सगळ्यावरून खाली विरणारा शेवटचा मास्क. पेटाऱ्यात डबी, डबीत पुडी, तसं.

अडचण अशी की एसव्हीजीत एका घटकावर क्लिप एकच टांगता येते आणि मास्कही एकच. पुढचा थर चढवायचा तर आधीच्या सगळ्याचा ग्रुप करायचा आणि नवी क्लिप त्या ग्रुपवर लावायची. हे हाताने करता येतंच, पण प्रेफरन्सेसमध्ये क्लिप आणि मास्कच्या पानावर एक सोय आहे: क्लिप लावण्याआधी प्रत्येक वस्तूला तिच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये गुंडाळ. मी ती कायमची चालू ठेवली आहे. क्लिप ग्रुपवर बसते, म्हणून डबल क्लिक करून आत शिरलं की फोटो मोकळेपणी सरकवता येतो आणि क्लिप जागची हलत नाही. राजाचा मुकुट 'व'च्या पोटात नेमका आणायला दुसरा उपायच नव्हता.

देवनागरीचं एक वेगळंच दुखणं आहे. टेक्स्टचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषेत, रूपांतर केलं की सुट्या अक्षरांचा ग्रुप मिळतो. क्लिपसाठी एकच पाथ असलेला बरा. तो कंबाइन या आज्ञेने केला तर शिरोरेषेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढलेले असतात तिथे भोकं पडू शकतात. त्याऐवजी युनियन केलं की सगळं सांधून एक होतं. सांधल्यावर मी नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, ओढून शिरोरेषा दोन्ही बाजूंनी पानाच्या काठाबाहेर नेली, म्हणजे गोल क्लिप तिला नीट कापील.

प्रत्येक अक्षरात वेगळा फोटो घालून पाच क्लिपा करता आल्या असत्या, पण मग अक्षरं जुळतात तिथे केसाएवढी फट दिसते. म्हणून आधी पाचही फोटोंची कडेने विरलेली एकच पट्टी केली आणि शब्द तिच्यावर एकदाच लावला. शब्द लावण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवली, कारण क्लिप झाली की वरची वस्तू कॅनव्हासवरून निघून जाते. ती प्रत लागणारच होती. शेवटच्या 'र'मध्ये संकासुर, म्हणजे दशावतारातला असुर, आला होता. तो नखशिखांत काळा, मागचं पानही गडद, त्यामुळे 'र' अंधारात गडप झाला होता. प्रतीला पिवळी जाड कड देऊन खाली सरकवली आणि 'र' परत आला.

विरण्याच्या मास्कसाठी चौकोन घेतला की इंकस्केप नवा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारा रंग, त्या रंगाकडून पारदर्शकाकडे नेतं. चौकोन पांढरा असेल तर काम होतं. काळा असेल तर चित्र पूर्ण नाहीसं होतं, कारण काळ्यात उजेड नाही आणि पारदर्शकातही नाही. शिवाय मास्कच्या चौकोनाबाहेरचंही काही दिसत नाही, म्हणून तो पानापेक्षा ऐसपैस हवा.

पानाला सावली द्यायची होती, आणि या सगळ्या खटाटोपातली मला सर्वात आवडलेली गोष्ट तिथे आहे. एसव्हीजीत क्रम ठरलेला असतो: आधी फिल्टर (सावली हा फिल्टरच), मग क्लिप, मग मास्क, शेवटी अपारदर्शकता. म्हणजे क्लिप केलेल्या वस्तूलाच सावली दिली तर सावली आधी पडते आणि कात्री तिलाही कापते. त्या वस्तूभोवती आणखी एक ग्रुप करून सावली त्या ग्रुपला दिली की ती पूर्ण दिसते. हा क्रम कळला की एकात एक मास्क कुठे बिघडले ते शोधायला फार वेळ लागत नाही.

एवढे थर झाल्यावर कॅनव्हास जड होतो, तेव्हा फक्त रेषा दाखवणाऱ्या आउटलाइन मोडमध्ये काम करावं. ग्रुपांना नावंही द्यावीत. इंकस्केपने आपोआप दिलेलं 'जी4512' वाचून कोणालाच काही कळत नाही.

फ्लेक्सवाल्याला मी पीडीएफ दिली नाही. त्याच्याकडे ती कोरलमध्ये उघडणार, आणि एकात एक मास्क तिथे जसेच्या तसे राहतील याचा भरवसा नाही. बॅनर सहा बाय चार फुटांचा होता. 100 डीपीआयने, म्हणजे इंचाला 100 ठिपके धरून, 7200 बाय 4800 पिक्सेलचा पीएनजी काढला. लांबून बघायच्या फ्लेक्सला तेवढं पुरतं. पीएनजी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, असल्यामुळे शेंदरी रंग छपाईत थोडा मळतो, म्हणून आधी हातभर पट्टी छापून बघितली.

मग काकांचा फोन आला. "हो राजा नको, हो जुनो फोटो आसा." फोटो फाइलमध्ये जोडलेला होता, भरलेला नव्हता. नवा फोटो त्याच मापात कापला, सर्वात आतल्या ग्रुपात शिरून इमेज प्रॉपर्टीजमध्ये फाइलचा पत्ता बदलला. चारही थर होते तसेच राहिले, आणि दुसरा पीएनजी फ्लेक्सवाल्याकडे पहिल्याची छपाई लागायच्या आत पोचला.