न कळण्याच्या जागा

सोमवार, रात्री

मराठीत ‘कळलं नाही’ म्हटलं की पुष्कळसं भागतं. अक्षर लागलं नाही, फोनवर आवाज तुटला, शब्द ऐकले पण अर्थ उमगला नाही, समोरच्याच्या मनात काय आहे ते समजेना, सगळ्याला तेच. इंग्रजी मात्र अडलं कुठे ते विचारते आणि दर जागेला वेगळा शब्द देते. हंगेरियन एकच धातू घेते आणि त्याला मागून प्रत्यय लावत जाते. म्हणून हंगेरियन शिकताना या इंग्रजी-हंगेरियन शब्दांची वही इंग्रजीच्या वर्णक्रमाने लावण्यात अर्थ नाही. ती अडण्याच्या जागेप्रमाणे लावायची: डोळा, कान, बुद्धी, आणि खुद्द वाक्य.

हंगेरियन धातू आहे ‘एर्त’, म्हणजे समजणे. त्याला ‘हॅत’ जोडलं की समजू शकणे. ‘एर्तहॅतो’ म्हणजे समजण्याजोगं. शेवटचा ओ आपला नाही. ओठ ओ साठी करतो तसे गोल ठेवून ए म्हणायचा आणि लांबवायचा. त्याचा नकार ‘एर्तहॅतॅतलॅन’. यातले त आणि ह सुटे उच्चारायचे, त्यांचा थ करायचा नाही. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. धातूत ऑ, आ, ओ असे मागचे स्वर असतील तर प्रत्ययही बदलतात: ‘ओलवॉश’ म्हणजे वाचणे, त्यावरून ‘ओलवॉशहॉतॉतलॉन’. आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत म्हणून हे लिहून ठेवणं जमतं. नुसत्या ए आणि आ वर भागवलं तर उच्चार बिघडतो.

महत्त्वाची गोष्ट नकाराच्या जागेची. ‘अनाकलनीय’मध्ये किंवा इंग्रजी ‘इनकॉम्प्रिहेन्सिबल’मध्ये नकार तोंडालाच भेटतो. हंगेरियनमध्ये अशा शब्दांत तो शेवटी येतो. ‘एर्तहॅतो’ आणि ‘एर्तहॅतॅतलॅन’ यांची पहिली दोन अक्षरं सारखीच, त्यामुळे घाईने ऐकणाऱ्याला समोरचा ‘समजतं’ म्हणतोय असं वाटून जातं. ‘कळत नाही’ ऐकताना आपण ‘नाही’पर्यंत थांबतो, तसंच इथे थांबायचं.

मंगळवार

डोळ्याची जागा. ‘इल्लेजिबल’ म्हणजे अक्षरच लागत नाही: डॉक्टरांची चिठ्ठी, पुसट शिक्का, न शिकलेल्याला मोडी. ‘अनरीडेबल’ हे तर असतंच, शिवाय अक्षर स्वच्छ छापलेलं असून पुस्तक वाचवत नाही तेव्हाही म्हणतात. हंगेरियन दोन्हीला ‘ओलवॉशहॉतॉतलॉन’च म्हणते. त्यामुळे उलट दिशेने, हंगेरियनमधून इंग्रजीत जाताना आधी ठरवावं लागतं की दोष हस्ताक्षराचा की लेखनाचा. मराठीत ‘लागत नाही’ आणि ‘वाचवत नाही’ हा भेद क्रियापदातच आहे, म्हणून वहीत या दोघांशेजारी मराठी शब्द लिहिलाच पाहिजे.

कान. ‘अनइंटेलिजिबल’ म्हणजे बोलणं कानापर्यंत आलं पण शब्द सुटे झाले नाहीत. ‘इनकॉम्प्रिहेन्सिबल’मध्ये शब्द सगळे पोचले, बुद्धीने हात टेकले. हंगेरियनमध्ये दोन्हीला ‘एर्तहॅतॅतलॅन’ चालतं. फोनवर ‘नॅम एर्तॅम’, म्हणजे ‘समजत नाही’, म्हटलं तर समोरचा तेच वाक्य सोपं करून सांगू लागेल. हवं असतं मोठ्याने. तिथे ‘नॅम हॉलोम योल’ म्हणावं: नीट ऐकू येत नाही.

बुद्धीला न पेलण्याइतकं मोठं काही असेल, जसं अनंत किंवा अचानक आलेला मृत्यू, तर ‘फॅलफोगहॉतॉतलॉन’. ‘फोग’ म्हणजे हातात धरणे, ‘फॅल’ म्हणजे वर. उचलून धरता येत नाही ते. आपलं ‘झेपत नाही’ याच चित्रातलं आहे. व्याकरणाचा कठीण नियम मात्र फॅलफोगहॉतॉतलॉन म्हणू नये, शब्द फार जड पडतो.

गुरुवार

सगळ्यांत घात करणारी जोडी: ‘एर्तहॅतॅतलॅन’ आणि ‘एर्तॅलमॅतलॅन’. दुसरा ‘एर्तॅलॅम’वरून आला आहे, म्हणजे अर्थ, आणि त्याचा अर्थ निरर्थक, बिनकामाचं. शिक्षकाला ‘तुमचं स्पष्टीकरण मला समजलं नाही’ म्हणायचं असताना हा शब्द वापरला तर ‘तुमच्या बोलण्यात अर्थ नाही’ असं होतं. दोन्ही शब्द एका पानावर, एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकाला एक पूर्ण वाक्य जोडावं.

वाक्यातच खोट असते तेव्हा ‘व्हेग’ आणि ‘अँबिग्युअस’ यांत गल्लत होते. व्हेग म्हणजे मोघम: ‘लवकरच बघू’. अर्थाला कडाच नाहीत. अँबिग्युअसमध्ये अर्थ दोन, आणि दोन्ही स्वच्छ: ‘त्याने सुरेशला त्याच्या घरी सोडलं’, पण कोणाच्या घरी? पहिल्याला हंगेरियनमध्ये ‘होमायोश’. ‘होमाय’ म्हणजे अंधूकपणा. दुसऱ्याला ‘केतएर्तॅल्मू’, ‘केत’ म्हणजे दोन. पण त्याला एक वेगळी छटा आहे: चावट विनोदालाही तोच शब्द. म्हणजे इंग्रजी अँबिग्युअसपेक्षा तो आपल्या ‘द्व्यर्थी’च्या जवळचा, दादा कोंडके यांच्या सिनेमांतल्या संवादांना आपण द्व्यर्थी म्हणतो तो अर्थ यात बसतो. करारातल्या कलमाबद्दल बोलताना म्हणून ‘फेलरॅएर्तहॅतो’ बरा. ‘फेलरॅ’ म्हणजे बाजूला; अर्थ वाट सोडून बाजूला जाऊ शकतो, गैरसमज होण्यासारखं.

‘ऑब्स्क्युअर’कडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. मुळात लॅटिन, अर्थ अंधारलेला. इंग्रजीत त्याला दोन फांद्या फुटल्या: दुर्बोध आणि अप्रसिद्ध. ‘होमायोश’ पहिलीलाच लागू. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा आरोप झाला, पण त्यांना कोणी अप्रसिद्ध म्हणणार नाही. अप्रसिद्ध कवीसाठी हंगेरियनमध्ये ‘कॅवेश्शे इश्मॅर्त’, कमी ओळखला जाणारा, असंच सरळ म्हणतात. इंग्रजी वाक्यात ऑब्स्क्युअरनंतर माणूस, गाव किंवा पुस्तकाचं नाव दिसलं की दुसरी फांदी आधी तपासावी.

शनिवार

उरलेले भराभर. ‘ज़ॉवॉरोश’ गढूळ पाण्यालाही आणि गोंधळलेल्या बोलण्यालाही. ‘सोवॅवेन्यॅश’ म्हणजे गुंतागुंतीचं, विणण्याच्या धातूवरून, कथानकाला शोभतो. ‘किफ्यूर्केसहॅतॅतलॅन’ म्हणजे कितीही शोधलं तरी थांग न लागणारं, इंग्रजी ‘इनस्क्रुटेबल’. देवाच्या मार्गांबद्दल हमखास ऐकू येतो, जिथे आपण ‘लीला अगाध’ म्हणतो. ‘हॉलॉन्जॉ’ म्हणजे अर्थ नसलेली बडबड.

वहीची तपासणी उलट दिशेने करावी. इंग्रजी झाकायचं, हंगेरियन शब्द वाचायचा आणि इंग्रजी सांगायचा. दोन उत्तरं आली तर ती चूक नव्हे. तिथे ‘कुठे अडलं’ हा रकाना रिकामा राहिला आहे, तो भरायचा. दिवसाला सात-आठ शब्दांहून जास्त घेतले तर हे ‘हॉतॉतलॉन’, ‘हॅतॅतलॅन’ सगळे एकसारखे वाटू लागतात.

वाक्प्रचारात इंग्रजी माणूस ‘मला हे ग्रीक’ म्हणतो, हंगेरियन माणूस ‘ॲज नॅकॅम कीनॉई’, मला हे चिनी. पण त्यांचा दुसरा प्रयोग जास्त जवळचा वाटतो: ‘ॲज नॅकॅम मॉगॉश’. मॉगॉश म्हणजे उंच. डोक्यावरून गेलं.