सर्व्हर पडला की लिलावाचं घड्याळही थांबलं पाहिजे

गेल्या शुक्रवारी रात्री ९ वाजून ५१ मिनिटांनी आमच्या गेमचा सर्व्हर पडला. गेम म्हणजे ब्राउझरमधला क्रिकेट मॅनेजर, सहा वर्षं झाली खेळतोय, नाव मुद्दाम देत नाही कारण चालवणारे मोजकेच लोक आहेत आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, पण त्या रात्री जे झालं ते बरोबर झालं नाही आणि ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं चार दिवस वाटतंय.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमची एक टीम असते, पोरांना ट्रेनिंग द्यायचं, मॅचची टीम लावायची आणि पैसा उभा करायचा असेल तर एखादा प्लेअर विकायला काढायचा. काढला की तीन दिवस लिलाव. बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवू शकतो, मग सिस्टीम त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाते. शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली तर वेळ अजून तीन मिनिटं वाढते. आणि तीन दिवस म्हणायला तीन दिवस, खरी चढाओढ शेवटच्या दहा मिनिटांतच होते, तोपर्यंत सगळे नुसते टपून बसलेले असतात.

त्या शुक्रवारी १० वाजता एका १८ वर्षांच्या डावखुऱ्या फास्ट बोलरचा लिलाव संपणार होता. विकणारा आमच्याच लीगमधला सोलापूरचा मित्र. त्याने त्या पोरावर दोन सीझन घातलेत, स्वतःच्या मॅच हरून त्याला ओव्हर्स दिल्यात, हे मी बघितलंय. असा बोलर गेमच्या पैशात १४-१५ लाखांना सहज जातो. मी माझी कमाल ९ लाख टाकली होती, मिळेल अशी आशा नव्हतीच. बोली माझ्या नावावर ६ लाख १० हजारांवर उभी होती कारण तोवर दुसऱ्या कोणाची कमाल ६ लाखच होती.

टॅब उघडाच होता. सर्व्हर गेला तरी पानावरचा काउंटर पळतच राहिला, कारण तो आपल्या ब्राउझरमध्ये चालतो, त्याला सर्व्हरचं काही घेणंदेणं नसतं. ०८:४०, ०५:१२, ००:०३, शून्य. रिफ्रेश केलं तर पांढरं पान आणि ५०२ बॅड गेटवे, म्हणजे सर्व्हर उत्तर देत नाही असा एरर. ग्रुपवर मेसेजचा पाऊस, तुझं चालू आहे का, माझं बंद आहे, मोबाईल डेटावर बघ. मित्राचा एकच मेसेज, ‘अरे माझा बोलर’.

११ वाजून ५ मिनिटांनी सर्व्हर आला आणि मला पहिलंच नोटिफिकेशन, अभिनंदन, प्लेअर तुमचा झाला, ६ लाख १० हजार.

हे कसं झालं ते मला लगेच कळलं, कारण माझं रोजचं काम बॅकएंडचंच, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामचंच आहे. लिलाव संपायची वेळ डेटाबेसमध्ये तारीख-वेळ म्हणून पडलेली असते, शुक्रवार रात्री १०:००. दर मिनिटाला एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम चालतो, तो बघतो कोणते लिलाव वेळ उलटून गेलेत आणि ते बंद करून टाकतो. सर्व्हर ११:०५ ला उठला, जॉब चालला, त्याला ७४ मिनिटांचा सगळा साठा दिसला आणि त्याने एका दमात सगळं विकून टाकलं. मधल्या वेळात बोली लावायला दारच उघडं नव्हतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

ग्रुपवर काही जण म्हणाले की सगळ्यांसाठीच बंद होतं ना, मग अन्याय कसला, कमाल रक्कम आधीच टाकून ठेवायची होती. हे मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं होतं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच पैसे द्यायचे असा लिलाव असेल तर प्रत्येकाने आपली खरी किंमत सांगून मोकळं व्हावं, त्यातच त्याचा फायदा. आमच्या गेममधलं ऑटो-बिड, म्हणजे कमाल टाकून ठेवायची सोय, जवळपास तेच. तर हो, मी घेणारा म्हणून सुरक्षित होतो, माझी रक्कम आत होती. पण विकणाऱ्याचं काय? त्याला मिळणारी किंमत माझ्या कमालवर ठरत नाही, दुसरा कोण येतो त्यावर ठरते, आणि तो दुसरा ९:५२ ला येणार होता आणि त्याला दार बंद मिळालं. म्हणजे घेणारा कमाल टाकून स्वतःला वाचवू शकतो, विकणाऱ्याच्या हातात बचावाचं काहीच नाही. एकवार, दोनवार म्हणून झालं आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी हॉलचं दार बाहेरून लावून घेतलं, असा प्रकार.

शेवटी शेवटी बोली लावायची सवय वाईट, असंही एक जण म्हणाला. सवय लोकांची नसते, नियमांची असते. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा अभ्यास आहे, ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर लिलाव ठरल्या वेळी धाडकन संपायचा तिथे लोक शेवटच्या सेकंदांची वाट बघत, ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात उशिरा बोली आली की वेळ दहा मिनिटं वाढायची तर तिथे ही घाई बरीच कमी होती. आमच्या गेमने वेळ वाढवायचा नियम ठेवलाय तो याचसाठी ना? मग कोणी बोली लावली म्हणून तीन मिनिटं वाढवतो आणि कोणाला बोली लावताच आली नाही तेव्हा शून्य मिनिटं वाढवतो, हे एकाच नियमपुस्तकात कसं बसतं?

२०२२ चा आयपीएल लिलाव आठवतो का, १२ फेब्रुवारी, बंगळुरू. हसरंगाची बोली चालू असताना लिलाव पुकारणारे ह्यू एडमीड्स चक्कर येऊन कोसळले. सगळं थांबलं. मग चारू शर्मांना बोलावून घेतलं, ते हातोडा घेऊन उभे राहिले आणि हसरंगाला बंगळुरूने १०.७५ कोटींना घेतलं. लिलाव पुकारणारा पडला म्हणजे लिलाव संपला असं तिथे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आमचा सर्व्हर म्हणजे आमचा लिलाव पुकारणाराच की.

बरं, नुसती वेळ वाढवली की झालं असंही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई हा शेअर बाजार सकाळी ११:४० ला बंद पडला, मुंबईत बसून पैसे लावणाऱ्या सगळ्यांना तो दिवस लक्षात असेल. शेवटी दुपारी ३:४५ ला परत चालू केला आणि ५ पर्यंत चालवला. चांगलंच केलं, पण वेळ वाढणार हे आधी कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच ब्रोकरनी नेहमीच्या वेळेआधी लोकांच्या इंट्राडे पोझिशन्स, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे सौदे, बीएसई या दुसऱ्या बाजारात कापून टाकल्या होत्या. वाढीव वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं. नियम आधी लिहिलेला नसेल तर चांगल्या मनाने दिलेली सवलतपण कोणाच्या तरी मुळावर येते.

म्हणून सर्व्हर जितका वेळ बंद तितकी वेळ वाढवा, हेही मला पुरेसं वाटत नाही. आमच्या लीगमध्ये पुण्याचे, नागपूरचे आहेत तसे मेलबर्नचे आणि लंडनचेही मराठी लोक आहेत. १० चा लिलाव ११:१४ ला संपवला तर १० साठी गजर लावून उठलेला मेलबर्नवाला तोवर परत गाढ झोपलेला असणार, आणि सर्व्हर आलाय हे ज्याला आधी कळलं त्याचाच फायदा. माझं म्हणणं, बंद काळात किंवा त्याच्या आसपास संपणारा प्रत्येक लिलाव दुसऱ्या दिवशी त्याच वेळी संपवावा. लोकांनी ती वेळ आपल्या सोयीने धरलेली असते, ती पाळावी. यात बोली लावणाऱ्याचे पैसे एक दिवस जास्त अडकतात हे मान्य, म्हणून वाढ झाली की आपली बोली मागे घ्यायची एकदा मुभा द्यावी.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. सर्व्हर पडला की त्या क्षणी पुढे असलेला जिंकतो हे एकदा सगळ्यांना कळलं की मग सर्व्हर पाडण्यातच कोणाचा तरी फायदा आहे. आमच्या गेममध्ये असं कोणी करेल असं मला वाटत नाही, पण असं आमिष नियमात ठेवायचंच कशाला.

झालेले व्यवहार आता उलटवावेत असं मी म्हणणार नाही. २०१३ च्या मे महिन्यात डायब्लो ३ या कॉम्प्युटर गेममध्ये पॅचमधल्या, म्हणजे अपडेटमधल्या चुकीमुळे गेमचं सोनं दुप्पट करता येत होतं, तेव्हा गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने लिलावघर बंद ठेवलं, गैरफायदा घेणारी खाती शोधली, पण सगळा गेम मागे नेला नाही, कारण त्यात ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं त्या दिवसाचं खेळणं पुसलं गेलं असतं. आमच्याकडे तर चार दिवसांत ते प्लेअर मॅच खेळून मोकळे झालेत.

मी मित्राला फरकाचे पैसे द्यायला निघालो होतो. जमलं नाही. दोन टीमनी आपापसात पैसे फिरवू नयेत म्हणून गेममध्ये ती सोयच नाही, आणि एखादा साधा प्लेअर त्याच्याकडून मुद्दाम ७-८ लाखांना घेतला तर ती फसवणूक धरून दोघांनाही बॅन करतील. तो म्हणाला जाऊ दे रे, पोरगं चांगल्या घरी गेलं. मला ते जास्तच लागलं.

ॲडमिनना काल सविस्तर मेल केलाय, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हा नियम आणि तो जॉब कुठे बदलावा लागेल तेही लिहिलंय, सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने ‘मी चालू आहे’ अशी नोंद करतो ती हार्टबीट, तिची शेवटची वेळ साठवून ठेवली की दहा-पंधरा ओळींचं काम आहे, हवं तर मी फुकट करून देतो असंही कळवलंय. मित्राने आता त्याचा विकेटकीपर विकायला काढलाय, येत्या शनिवारी रात्री ९:३० ला संपतोय. मी बोली लावणार नाहीये, पण त्या वेळी जागेवर असणार आहे, आणि पान अडकलं तर स्क्रीनशॉट काढून त्याच मिनिटाला ॲडमिनना पाठवणार आहे.